हसता शॉट

१

आमच्या घरात दुपारचा चहा आणि इन्स्पेक्टर बरोबरच यायचे. बशीत चहा ओतून फुंकर घातली, की नाना घसा साफ करायचे आणि मी ओळखायचे, आता चारी आली.

चारी म्हणजे कालव्याचा फाटा. आमच्या बेलापूरच्या बाहेर, उसाच्या रानांमधून गेलेला. सत्त्याहत्तर साली तिथे मुंबईची माणसं सिनेमा काढायला आली होती. ‘चारी नंबर नऊ’, खुनाचा सिनेमा. उसाच्या वाहतुकीत हात मारलेल्या कुणा बड्या असामीने पैसे घातले होते. कुठल्याशा शहरात चार दिवस चालून तो पडला आणि बेलापुरात कधी आलाच नाही. गावात कुणीही तो पाहिलेला नव्हता, तरी त्यातला एक प्रसंग गावाला तोंडपाठ होता, कारण नानांनी शाळेतल्या प्रत्येक वर्गाला तो करून दाखवला होता.

“कुणीही जागचं हलायचं नाही,” बशी खाली ठेवून, हात वर करून नाना म्हणायचे. “प्रेत मी बघतो. तुम्ही माझ्याकडे बघा.”

यज्ञेश्वर पुराणिक, निवृत्त प्राथमिक शिक्षक, हे त्यांचं नाव फक्त पेन्शनच्या कागदावर. गावाला ते इन्स्पेक्टर गुरुजी. मी त्यांची एकुलती एक मुलगी, लीना. श्रीरामपूरच्या ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवते. लग्न केलं नाही, आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच.

एवढ्या हौसेने करून दाखवायचे, पण तेव्हाही नाना हसायचे नाहीत. ते कधीच हसायचे नाहीत. चिडके होते म्हणून नव्हे. कुणी विनोद केला की ते मन लावून ऐकायचे आणि म्हणायचे, “छान आहे.” वडील असेच असतात असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. मी हसले की मात्र ते टक लावून बघत राहायचे. माझे दात थोडे पुढे आहेत, त्यामुळे मला तोंडावर पदर धरून हसायची सवय. पदराच्या आधी ओढणी होती. “तसं हसू नकोस,” नाना म्हणायचे. कसं हसू ते कधी सांगितलं नाही.

२

सुनील हा गावातला लग्नाचं शूटिंग करणारा. हल्ली ड्रोनबिन उडवतो, पण त्याचा एक जोडधंदाही आहे. लोकांच्या जुन्या लग्नांच्या कॅसेटी तो पेनड्राइव्हवर उतरवून देतो. सोनईच्या एका बंद पडलेल्या व्हिडिओ पार्लरवाल्याने त्याला पोतंभर कॅसेटी देऊन टाकल्या होत्या. त्यातून एक दिवस त्याचा फोन आला.

“मॅडम, गुरुजींचा पिच्चर घावला!”

मी तशीच चप्पल अडकवून त्याच्या दुकानात गेले. पडद्यावर लालसर, रेघारेघांचं चित्र थरथरत होतं. नावं आली, आणि शेवटी ‘बेलापूरचे ग्रामस्थ’ असंही आलं. माझ्या अंगावर काटा आला, आनंदाने. मी तिथेच बंद करायला सांगितलं. पुढचं मला नानांच्या शेजारी बसून, सगळ्या गावाबरोबर बघायचं होतं.

वाचनालयाचा वर्धापन दिन जवळच आला होता. रविवारी दुपारी सभागृहात सिनेमा दाखवायचा, नानांचा सत्कार करायचा, असं मी कार्यवाहांशी बोलून ठरवलंदेखील. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. नानांना सगळ्यात शेवटी सांगितलं, चहाच्या वेळी.

नानांनी बशी खाली ठेवली. इन्स्पेक्टर झाले नाहीत.

“शेवटपर्यंत आहे?” त्यांनी विचारलं.

“हो, अख्खा आहे.”

“तू पाहिलास?”

“अजून नाही.”

“मग पाहू नकोस. लोकांनाही दाखवू नकोस.”

“नाना, गावभर सांगून झालंय. आता नाही म्हटलं तर माझं तोंड कुठे लपवू?”

त्यांनी बशी पुन्हा उचलली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “साडी कुठली नेसणार आहेस?”

मला हसू आलं. बायकांच्या साड्यांची चौकशी नानांनी जन्मात केली नव्हती. माझी कॉलेजातली मैत्रीण मोनिका हिने मला बळेच एक हळदी रंगाची साडी घ्यायला लावली होती. रविवारी मी तीच नेसले आणि नेहमीप्रमाणे उजव्या मनगटावर घड्याळ बांधलं. डाव्या हातात मला काही चालत नाही.

नाना दारात काठी घेऊन उभे होते. त्यांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं.

“अच्छा,” ते म्हणाले. “ही ती.”

३

सभागृह भरलं होतं. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता. नाना पुढच्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, गळ्यात हार. शेजारी त्यांचे जुने दोस्त कानिफनाथ, त्यांची चारीला लागून शेती आहे. मी बाजूला उभी होते, कारण नानांचा प्रसंग आला की मला लोकांचे चेहरे बघायचे होते.

सिनेमा तसा बरा होता. उसात पळापळ, जीप, एक खोटी दाढी. मग इन्स्पेक्टर आला. सगळे पुढे सरसावले. त्याने टोपी काढली, आणि तो कुणी भलताच होता. जाड मिशांचा, मुंबईचा.

“दुसरा इन्स्पेक्टर असंल,” कुणीतरी म्हणालं.

दुसरा इन्स्पेक्टर आला नाही. गावकऱ्यांनी चारीतून एक प्रेत ओढून काढलं, काठावर आडवं केलं, आणि कॅमेरा त्याच्या तोंडावर गेला. कोवळी दाढी, कपाळाला चिकटलेले केस. डोळे अर्धवट उघडे.

“आरं, हे तर गुरुजी!”

आधी एक हसला. मग मागची रांग. “इन्स्पेक्टर पान्यात गेला की!” पडद्यावर जाड मिशांचा माणूस हात वर करून म्हणत होता, “कुणीही जागचं हलायचं नाही. प्रेत मी बघतो,” आणि ते ऐकून तर सभागृह फुटलंच. त्यात प्रेताची छाती खालीवर होत होती. चांगली स्पष्ट. नवशिका नट, श्वास कुठवर धरणार? “मढं दम घेतंय बगा!” पोरं ओरडली.

मीही हसले. हे मला लिहावंच लागेल. पदर तोंडावर धरून हसले, खांदे हलेपर्यंत. आवरायला गेले तर आणखी आलं.

मग माझं नानांकडे लक्ष गेलं. ते खुर्चीत मागे रेलले होते, हात छातीवर, डोळे अर्धवट उघडे. ते पडद्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

दिवे लागले तेव्हा हसणं थांबलं, आणि ते थांबणं हसण्यापेक्षा वाईट होतं. नानांच्या खुर्चीखाली पाणी साचलं होतं. फरशीवरून ते हळूहळू पुढे सरकत होतं. लोकांनी पाय वर घेतले. एक बाई समजूतदारपणे म्हणाली, “होतं या वयात.”

लाजेने माझे कान तापले. सत्काराच्या टेबलावरचं कापड ओढून मी गुडघ्यावर बसले आणि पुसायला लागले. कापड भिजलं तसा वास आला. मी ज्या वासाची तयारी ठेवली होती तो हा नव्हता. गाळाचा, कुजलेल्या पाचटाचा वास होता. नानांचा पायजमा माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि तो कोरडा होता. हे मला तिथेच, तेव्हाच दिसलं. तरी मी कुणाला काही म्हटलं नाही. मोरीत कापड पिळलं तेव्हा त्यातून शेवाळाचा एक लांब धागा निघाला, तोही नळाखाली धुऊन टाकला. एकच विचार होता, हे कुणी बघायला नको.

४

संध्याकाळी कानिफकाका आले. नाना आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. काका ओट्यावरच टेकले, पाणीही नको म्हणाले.

“आमी बी हुतो त्या गर्दीत,” ते म्हणाले. “तुज्या बापाला इन्स्पेक्टरचंच काम दिल्यालं, पोरी. कापडं बी चढवली हुती. पर ज्यानं मढं व्हायचं तो मुंबईचा गडी पान्यात उतरंना. थंडी लई. समदे खोळंबले. मंग ह्यो म्हनला, मी निजतो, त्याला इन्स्पेक्टर करा.”

“मग तसं सांगायचं ना. आयुष्यभर खोटं कशाला?”

“आगं, तुजा आजा भटजी. गावातल्या समद्या मयतीला त्योच जायचा. आई-बाप जित्तं असताना पोरगं मढं हून निजलं, ह्ये त्या घरात कसं सांगावं? हाकलून दिलं असतं. म्हनून म्हनला, इन्स्पेक्टर केला. आन् येकदा म्हनला ते म्हनतच ऱ्हायला.”

मला स्वतःची किळस आली. गावाला नानांची फजिती मी दाखवली होती, आमंत्रणं देऊन. आणि वर हसले होते.

काका उठले, चप्पल पायात घालता घालता थांबले. “त्याचा हसता शॉट ऱ्हायला बग.”

“म्हणजे?”

“पिच्चरवाल्यांची पद्धत. मढ्याचा शॉट झाला की लगेच त्याच मानसाला क्यामेऱ्यापुढं हसायला लावत्यात. मंग ते उतरतं म्हनं. क्यामेरावाला लई मागं लागला हुता, पर फिलिम सपली. उद्या घिऊ म्हनले. सकाळी जाऊन बगतो तर समदे गेल्याले.”

“काय उतरतं, काका?”

“मला काय ठावं.” त्यांनी आतल्या खोलीकडे नजर टाकली. “तवापास्नं मी तरी त्याला हसताना बगितला न्हाई. तू बगितलास का?”

५

मी शिकलेली बाई आहे. नानांना श्रीरामपूरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळ्या तपासण्या करून वयाच्या मानाने प्रकृती उत्तम आहे म्हणून सांगितलं. फजितीचा धक्का बसलाय, माणूस मनातून खचलाय, शरीर ऐकत नाही. हे मीच मला समजावलं आणि ते पटण्यासारखंही होतं.

त्या रविवारपासून रोज सकाळी नानांची गादी ओली असायची. मोठ्या माणसांचे डायपर मी बेलापुरात घेतले नाहीत, श्रीरामपुरात घेतले, काळ्या पिशवीत, आणि दुकानदाराने विचारलं नसतानाही शेजारच्या आजींसाठी आहेत असं सांगितलं. डायपर कोरडे राहायचे. गादी भिजायची. चादरी मी अंगणात वाळत घातल्या नाहीत, स्वयंपाकघरात दोरी बांधून घातल्या. घरभर कालव्याचा वास भरला. शेजारणी दारात आल्या की मी उदबत्ती लावायचे. त्या वासाचं मला कोडं पडायला हवं होतं, मला त्याची लाज वाटत होती. कुणाला बोलवायचं सुचलं नाही ते त्यामुळेच.

नाना बोलत नव्हते. चहा घ्यायचे, बशी ठेवायचे, पडून राहायचे. त्यांचा चेहरा कधी नव्हे इतका गुळगुळीत दिसायला लागला होता.

एका सकाळी ते झोपलेले असताना मी लॅपटॉप उघडला आणि पेनड्राइव्ह लावला. तो प्रसंग मला नीट, न हसता बघायचा होता. एवढंतरी मी त्यांचं देणं लागत होते.

चारी आली. प्रेत काठावर आडवं झालं. गर्दी जमली. मी छातीकडे बघत राहिले.

छाती हलत नव्हती.

मागे नेलं, पुन्हा लावलं. पडद्याला नाक लागेपर्यंत जवळ जाऊन बघितलं. गर्दीतल्या एकाचा फेटा वाऱ्याने फडफडत होता, पाणी वाहत होतं, आणि मधोमध ते पोरगं लाकडासारखं पडलं होतं. सगळं सभागृह ज्याला हसलं होतं, ते चित्रात नव्हतंच.

मी सुनीलला फोन लावला.

“मॅडम, मढंच हाय ते,” तो म्हणाला. “हालंल कसं?”

“अरे, पोरं ओरडली नव्हती का?”

“पोरं काय, कशाला बी ओरडत्यात.”

फोन ठेवला. लॅपटॉपमधून पाण्याचा आवाज येत होता, खळखळ, संथ. त्याचा त्रास व्हायला लागला म्हणून मी आवाज पूर्ण बंद केला. खळखळ बंद झाली नाही. ती आतल्या खोलीतून येत होती.

दाराशी जाऊन उभी राहिले. नाना उताणे झोपले होते. भरल्या हंड्यात वाटी बुडवावी तसा त्यांचा श्वास आत जात होता, आणि बऱ्याच वेळाने बाहेर येत होता. कॉटखालचं पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं.

६

सुनील दुपारी कॅमेरा, दोन लाईट आणि वायरींचं भेंडोळं घेऊन आला. मी त्याला सांगितलं होतं की गुरुजींचा एक छान हसरा व्हिडिओ हवाय, आठवण म्हणून. त्याने काही विचारलं नाही. खोलीतल्या वासाने नाक मात्र आक्रसलं, आणि मी खिडकी उघडायचं नाटक केलं.

नानांना मी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून खुर्चीत बसवलं होतं. त्यांना कॉटवर, पाठीला उशी देऊन घ्यायचं ठरलं.

“मॅडम, लाईट लावेपर्यंत तुमीच पडा तिथं जरा,” सुनील म्हणाला. “गुरुजींना उगं कशाला तरास. डोळे मिटून घ्या, लाईट डोळ्यात जाईल.”

मी कॉटवर आडवी झाले. गादी पाठीला गार लागली. डोळे मिटले. लाईटची ऊब तोंडावर आली, सुनीलची पावलं इकडून तिकडे फिरली. त्या अंधारात मला इतकं शांत वाटलं की उठूच नये.

“ऊठ, लीने.” नानांचा आवाज, कितीतरी दिवसांनी. “ऊठ तिथून आधी.”

मी दचकून उठले. त्यांना ओल्या गादीची शरम वाटली असणार असं वाटलं. कॅमेऱ्यावरचा लाल ठिपका पेटलेला होता. सुनीलची ती सवयच, लग्नात तो अक्षता पडायच्या आधीपासून कॅमेरा चालू ठेवतो.

मग नानांना कॉटवर बसवलं. सुनीलने आपली सगळी हत्यारं काढली. नवरदेवांना हसवायचे विनोद, व्याह्यांना हसवायचे विनोद. नाना लक्ष देऊन ऐकत होते.

“छान आहे,” ते म्हणाले. बोलताना ओठाच्या कोपऱ्यातून पाण्याची बारीक धार हनुवटीवर आली. मी पटकन पदराने पुसली. सुनीलला दिसली नसावी.

“तुम्ही जरा बाहेर थांबता का?” नाना त्याला म्हणाले. तो कॅमेरा तसाच चालू सोडून ओट्यावर गेला.

“मी तिथे काठावर पडलो होतो,” नाना म्हणाले. “डोळे अर्धे उघडे ठेवायला सांगितले होते. समोर गाव उभं. कुणी हसत नव्हतं, घाबरलेच होते सगळे. आणि मागे एक बाई होती. हळदी साडीतली. उजव्या हातात घड्याळ. ती पदर तोंडावर धरून हसत होती. इतकी हसत होती. मी लाजेने मेलो, लीने. उठून विचारावंसं वाटलं, पण हलायचं नव्हतं.”

त्यांनी सदऱ्याच्या बाहीने हनुवटी पुसली.

“नंतर सगळ्यांना विचारलं. कुणी पाहिलीच नव्हती. मग तू झालीस, मोठी झालीस. एक दिवस तोंडावर ओढणी धरून हसलीस, आणि मी ओळखलं.”

“नाना...”

“मला राग नाही. मला एवढंच विचारायचंय, इतकी वर्षं. काय दिसलं होतं गं तुला, एवढं हसण्यासारखं?”

मला पळून जावंसं वाटलं. खोटं बोलावंसं वाटलं. पण ते तोंड बघून खोटं बोलता येईना.

“काही नाही,” मी म्हणाले. “हसण्यासारखं काहीच नव्हतं. सगळे तुम्हाला हसत होते. मला लाज वाटली. तुमच्या बाजूची आहे असं दिसायला नको, त्यांच्यातली वाटावी, म्हणून हसले. एवढंच.”

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या गालावर काहीतरी हललं.

“एवढंच होय!” ते म्हणाले, आणि हसले.

आधी खरखरीत, अडलेल्या नळासारखं. मग मोकळं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, मांडीवर थाप मारून हसले. सुनील धावत आत आला, कॅमेऱ्यामागे वाकला. “असंच, असंच गुरुजी! झकास!” मी भिंतीला धरून रडत होते.

सगळं आवरताना सुनील म्हणाला, “मॅडम, तुमचा बी एक हसता घेऊ का? कॅमेरा चालूच हाय.”

माझे डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, पाठीला साडी चिकटलेली.

“नको रे बाबा,” मी म्हणाले. “माझा अवतार बघ.”

त्याने कॅमेरा बंद केला.

७

दुसऱ्या दिवशी नानांची गादी कोरडी होती. त्या आठवड्यात ते काठी न घेता पारापर्यंत जाऊन आले. हल्ली ते सगळ्यालाच हसतात. वर्तमानपत्राला, मांजराला, कानिफकाकांच्या फेट्याला. आणि चहाच्या वेळी इन्स्पेक्टर होत नाहीत, मढं होतात. शेजारची पोरं जमवून ओट्यावर सरळ पडतात, डोळे अर्धे उघडे ठेवतात, आणि पोरं जवळ आली की भॉक करून उठतात. गाव त्यांच्याबरोबर हसतं. ज्याची मला भीती होती ते सगळं निस्तरलं, मला खरंच आनंद झाला.

मी फक्त एकदा, एकदाच, ती फिल्म पुन्हा लावली. दुपारी, नाना ओट्यावर पोरांत असताना.

चारी आली. इन्स्पेक्टर कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा होता. जाड मिशांचा होता की नाही ते कळलं नाही, पण त्याचे खांदे बारीक होते. त्याने उजवा हात वर केला.

“कुणीही जागचं हलायचं नाही,” तो म्हणाला. तो आवाज मी बशीतल्या चहाबरोबर लहानपणापासून ऐकत आले आहे. “प्रेत मी बघतो.”

तो वाकला. गवतावर पडलेलं जे होतं ते त्याच्या पाठीआड गेलं. फक्त एक हात बाहेर राहिला, तळवा वर केलेला. उजवा. मनगटावर ओलं घड्याळ होतं.

मी लॅपटॉप मिटला. पेनड्राइव्ह डब्यात टाकला, डबा माळ्यावर. सुनीलला फोन करून हसता शॉट घे म्हणावं असं रोज ठरवते. एकदा बोलावलंही, त्याने कॅमेरा लावला, सगळे विनोद करून दमला. मी मन लावून ऐकले. गालांना ते कसं करायचं असतं तेच आठवेना.

काल कॉलेजात, मधल्या सुट्टीत, स्टाफरूममध्ये मोनिकाने एक किस्सा सांगितला. सगळे खो खो हसले. ती माझ्याकडे वळली.

“छान आहे,” मी म्हणाले.

तिची नजर माझ्या तोंडावरून खाली गेली, माझ्या खुर्चीखाली, आणि तिथेच थांबली. बाकीच्यांचीही गेली. कुणीतरी पाय वर घेतले. मला माझी पावलं गार झाल्याचं जाणवत होतं, गाळाचा वास येत होता, आणि मला हलता येत नव्हतं.

मोनिकाने चटकन पदर तोंडावर धरला. खाली गवतात पडून वर बघावं तशी ती मला दिसत होती, फार उंच, आणि तिचे खांदे हलत होते. ती माझी चांगली मैत्रीण आहे. ती का हसली ते मला ठाऊक आहे, मी तिला विचारणार नाही.